करंजाड्यातली धूळ आणि माझं नैराश्य

मला नैराश्याचा आजार झाला होता.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. "बीपी वाढलं होतं" असं मी कितीतरी जणांना सांगितलं. "छातीचा त्रास होता" असंही सांगितलं, आणि दोन्ही खरंच होतं. पण ज्या आजारानं मला घरातल्या घरात संपवत आणलं होतं त्याचं नाव मात्र मी गिळत राहिले. आता सत्तरी ओलांडली. कोणाची भीड बाळगायची? माझ्यासारखी एखादी बाई किंवा एखादे आजोबा दारंखिडक्या लावून बसलेले असतील, आणि आपल्याला नक्की काय होतंय हे त्यांना कळत नसेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. औषधांची नावं सांगणार नाही. जे झालं ते सांगते.

*

शरद, माझा नवरा, निवृत्त झाल्यावर आम्ही मुलुंडची जागा विकून पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅट घेतला. सहावा मजला. हॉलच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. "मंदा, इथे हवा आहे, हवा!" असं शरद आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगायचा, जणू ती त्यानंच आणून ठेवली होती. त्याच्या वाट्याला ती थोडीच वर्षं आली. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात असते. नोकरी, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं. शरद गेल्यावर मी एकटी राहिले, पण एकाकी नव्हते. यातला फरक मला तेव्हा माहीत नव्हता. सकाळी आम्ही पाच-सहा बायका बागेत चालायचो आणि चालण्यापेक्षा जास्त वेळ बाकावर बसायचो. कोणाची सून, कोणाचे गुडघे, कोणाकडे काल काय फोडणीला टाकलं. घरी येताना अंगात दिवसभर पुरेल इतकी बडबड भरून घ्यायची.

मग आजूबाजूला बांधकामं वाढली. डोंगर फोडायला सुरुवात झाली. दुपारी सुरुंगाचा आवाज यायचा आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. रस्त्यावरून दिवसभर डंपर. हिवाळ्यात सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत मळक्या पडद्यामागे ठेवल्यासारखी दिसायची. टेबल पुसलं की तासाभरानं त्यावर बोटानं नाव लिहिता यावं. दोरीवरचे कपडे वाळायचे ते राखाडी होऊन. कुठेतरी कचरा जळत असायचा, त्याचा वास पडद्यांत बसायचा.

त्या वर्षी दिवाळीत धरलेला खोकला संक्रांत झाली तरी गेला नाही. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तोंडात मारायचा फवारा दिला आणि म्हणाले, "हवा फार वाईट आहे. सकाळचं चालणं बंद. खिडक्या लावून ठेवा. गर्दीत जाऊ नका. बाहेर पडलात तर मास्क."

मी आयुष्यभर नियम पाळलेली बाई. सगळं तंतोतंत केलं. आमच्या चालणाऱ्या बायकांपैकी एक मुलाकडे परदेशी गेली होती, एकीचे गुडघे बसले होते, आणि उरलेल्या दोघींना त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासारखंच सांगितलं होतं. बाग तिथेच राहिली, बाक तिथेच राहिला. आमच्या मोबाइलवरच्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रं यायची. त्याखाली कोणी काही लिहायचं नाही.

*

खिडकी लावली की धुळीबरोबर माणसांचे आवाजही बाहेर राहतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भाजीवाल्याची हाक, खाली खेळणाऱ्या मुलांची भांडणं, समोरच्यांच्या कुकरची शिट्टी, सगळं बंद झालं. फक्त फ्रिज घुरघुरायचा. पहिले काही दिवस ती शांतता बरी वाटली.

मग काय झालं ते सांगणं अवघड आहे, कारण एका दिवशी असं काही झालंच नाही. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे रडणं. मला रडू येत नव्हतं. मला काहीच येत नव्हतं. आंघोळ हे मोठं काम वाटायला लागलं. वेणी घालायला हात वर उचलवेना. पेपर समोर धरायची आणि एकच ओळ वाचत राहायची. भात लावायचा, तो तसाच फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि चहात बिस्किट बुडवून खायचं. दिवसाचे कप्पे मोडले. सकाळ कधी संपली आणि दुपार कधी सुरू झाली याच्याशी मला देणंघेणं उरलं नाही.

सबंध नोकरीभर मी फोन उचलण्याचा पगार घेतला होता. आता फोन वाजला की तो थांबायची वाट बघायची.

मुग्धाचा फोन मात्र घ्यावा लागायचा.

"जेवलीस?"

"हो."

"काय केलं होतंस?"

"वरणभात. फरसबीची भाजी."

"आणि चालायला जातेस ना थोडी तरी?"

"जाते गं, खाली दोन फेऱ्या मारते."

भाजी मी आणून महिना झाला होता. पण तिच्या मागे मुलांचा गोंधळ ऐकू यायचा, ऑफिसचा दुसरा फोन वाजत असायचा. तिला खरं सांगायचं तर ते काय सांगायचं, हेच मला कळत नव्हतं.

मला सारखा दम लागायचा. उठून बसलं तरी. मी पुन्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "छाती बरीच मोकळी झालीय. टेन्शन घेऊ नका. मन रमवा." मन रमवायचं औषध कुठल्या दुकानात मिळतं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

एकदा जोर करून पनवेलच्या मासळीबाजारात गेले. आम्ही कायस्थ, मासे हा आमच्या घरात रोजच्या बोलण्याचा विषय. ओळखीच्या कोळणीनं मांदेलीचा वाटा पुढे केला. "घे गो ताई, करंज्याच्या बंदरावरचा माल हाय, ताजा." मी नुसती बघत उभी राहिले. घ्यायची का, किती घ्यायची, घरी नेऊन त्यांचं काय करायचं, काही सुचेना. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "आजी, सरका ना." मी रिकामी पिशवी घेऊन रिक्षात बसले.

त्या दिवशी मी घाबरले. मला वाटलं, विसरण्याचा आजार सुरू झाला. आपण आता हळूहळू पुसले जाणार. आणि खरं सांगायचं तर, त्या विचारानंतर थोडं बरंही वाटलं. म्हणजे आता फार दिवस नाहीत.

*

एका शनिवारी मुग्धा न सांगता आली. आदल्या दिवशी मी तिचा फोन उचलला नव्हता. तिनं बेल वाजवली, मग दार वाजवलं. मी उघडलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली.

ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग शिळ्या भाताची भांडी एकेक करून ओट्यावर ठेवल्याचा.

"आई, आंघोळ कधी केलीस?"

"काल."

"आई."

मी विस्कटलेले केस कानामागे सारले.

"तू रोज मला खोटं सांगत होतीस! वरणभात, फरसबी... मी तिकडे निवांत झोपत होते!"

"मग काय सांगायचं होतं? तू तिथून काय करणार होतीस?"

"ते मला ठरवू द्यायचंस ना!" तिचा आवाज फाटला. "बॅग भरते तुझी. आत्ता चल पुण्याला."

"मी कुठेही येणार नाही."

"मग इथे बसून काय करणार आहेस?"

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ पूर्ण सोडला. नळामागून तिचं रडणं मला ऐकू येत होतं. ती लहान असताना नुसती मुसमुसली तरी मी हातातलं टाकून धावायची. त्या दिवशी मी खुर्चीत बसून होते. उठावंसं वाटत नव्हतं. आपली मुलगी रडते आहे आणि आपल्या आत काहीच हलत नाही, याची मला जशी भीती वाटली तशी आजवर कशाचीच वाटली नव्हती. तिनं बाहेर येऊन "सोमवारी डॉक्टरकडे जायचं" म्हटलं तेव्हा म्हणूनच मी नकार दिला नाही.

*

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पनवेलमधल्या एका हॉस्पिटलातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बाहेर बाकावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोणाला दाखवायचंय?" मी म्हटलं, "कानाच्या डॉक्टरांना." मुग्धानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर तरुण होत्या, मुग्धाहूनही लहान. आधी नर्सनं बीपी मोजलं, चेहरा गंभीर करून पुन्हा मोजलं आणि कागदावर आकडा लिहून डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टरांनी मला महिना विचारला, वार विचारला, काही शब्द सांगून ते थोड्या वेळानं पुन्हा विचारले. मी सगळं बरोबर सांगितलं. मग मासळीबाजारातली गोष्ट सांगितली.

"तुम्ही विसरला नव्हतात," त्या म्हणाल्या. "तुमची आठवण चांगली आहे. तुम्हाला ते मासे नको होते. काहीच नको होतं. हो ना?"

मी मान हलवली. त्यांनी मुग्धाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर खुर्ची जरा जवळ ओढून घेतली.

"मंदाताई, सकाळी जाग येऊच नये असं वाटतं का कधी?"

मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. इतका सरळ, इतक्या साध्या आवाजात, जसं कोणी 'पाय दुखतात का' विचारावं.

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"बहुतेक रोज."

"त्यासाठी काही केलंत?"

मी मांडीवरच्या मास्ककडे बघत होते. "बीपीची गोळी घ्यायची बंद केली."

"विसरून?"

"नाही."

ते 'नाही' तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट मी स्वतःलाही पहिल्यांदाच सांगते आहे.

त्यांनी उपदेश केला नाही. देवानं दिलेलं आयुष्य वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलंत हे फार बरं केलंत. हा तुमचा स्वभाव नाही, वयाचा परिणामही नाही. हा आजार आहे, नैराश्य. याला उपचार आहेत आणि या वयातही ते लागू पडतात."

"धुळीनं होतं का हो असं?" मी विचारलं. मला कशाला तरी दोष द्यायचा होता.

"नुसत्या धुळीनं झालं असं मी म्हणणार नाही. मिस्टर गेले, तुम्ही एकट्या आहात, इतके महिने खोकला आहे, सगळंच आहे यात. खराब हवेत राहणाऱ्या वयस्कर माणसांमध्ये हा आजार जास्त दिसतो असं आता पुढे येतंय. ते नेमकं कसं होतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुमच्या बाबतीत मला एवढं दिसतं, की हवेनं छाती धरली आणि छाती सांभाळायला तुम्ही माणसं सोडलीत. फुप्फुसं थोडी वाचली, पण बाकीच्या तुमच्याकडे बघायचं राहून गेलं."

मग म्हणाल्या, "मुलीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुम्ही सांगा."

मुग्धा आत आली. ऐकता ऐकता तिनं माझं मनगट धरलं. हात नाही, मनगट. ती लहान असताना रस्ता ओलांडताना मी तिचं धरायचे तसं.

*

बीपीमुळे मला दाखल करून घेतलं. पडदे लावलेल्या खाटांची खोली होती. पहाटे कोणीतरी दिवा लावायचं, मग हाताला पट्टा, थर्मामीटर, पातळ चहा, झाडणारी बाई, डॉक्टरांची फेरी. कोणी ना कोणी दिवसभर माझं नाव घेत होतं, पण ते फाइलवरचं पूर्ण नाव, आडनावासकट. इथल्याही खिडक्या उघडत नव्हत्या. काचेपलीकडे तेच मळकं आभाळ.

शेजारच्या खाटेवर उरणकडच्या एक आजी होत्या. पडून पाय मोडला होता. त्यांच्याकडे दुपारी आठ-दहा माणसं यायची, डबे यायचे, नातवंडं खाटेवर चढायची. रोज त्यांच्यातलं कोणीतरी माझ्या पडद्यातून डोकं आत घालून विचारायचं, "काकी, ही खुर्ची नेऊ का? रिकामीच हाय ना?" मी म्हणायचे, न्या. मुग्धा खाली कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत असायची, संध्याकाळी वर यायची. तोवर खुर्ची पलीकडेच असायची.

तिथे एक मावशी होत्या, रुग्णांचं अंग पुसायचं काम करणाऱ्या. त्यांनी एका सकाळी माझ्या डोक्याला हात लावला. "केसांच्या पार जटा झाल्यात की."

"कापून टाका," मी म्हटलं.

"कापायचं कशाला? सुटतील."

त्या माझ्या मागे बसल्या आणि बोटांना तेल लावून एकेक बट सोडवायला लागल्या. स्वतःच्या सुनेबद्दल काहीबाही सांगत होत्या. मला शब्द कळत नव्हते. शरद गेल्यापासून कोणी माझ्या डोक्यावरून असा हात फिरवला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. किती महिन्यांनी.

"दुखलं का ओ?"

"नाही."

"मग रडा," त्या म्हणाल्या, आणि पुढची बट घेतली.

*

औषध गिळल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं असं कोणाला वाटत असेल तर तसं होत नाही. पहिले काही आठवडे माझं तोंड कोरडं पडायचं, दिवसा झापड यायची, आणि मन होतं तिथेच. "हे काही लागू पडत नाही," मी डॉक्टरांना म्हणायचे. "थांबा," त्या म्हणायच्या. थांबणं हाच त्या दिवसांतला सगळ्यात मोठा उद्योग होता.

मुग्धा रजा संपेपर्यंत राहिली. जाताना तिनं हॉलच्या कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा बसवला. "मला फोनवर दिसशील. मला तेवढंच समाधान." ती गेल्यावर तो कॅमेरा माझ्याकडे बघत बसला. मी पाणी प्यायले की बघायचा, सोफ्यावर पडले की बघायचा. मी घरात पाहुण्यासारखी वागायला लागले. पदर सारखा करायचा, ताठ बसायचं. शेवटी एक दिवस मी स्टुलावर चढून त्यावर नॅपकिन टाकला.

पाचच मिनिटांत फोन. "आई! कॅमेऱ्याला काय झालं?"

"त्याला झाकलंय."

"का? आणि चढलीस कशावर? पडली असतीस तर?"

"मुग्धा, मी आजारी आहे, चोर नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते गं. प्रत्येक मीटिंगमध्ये वाटतं, आत्ता आई काय करत असेल. एकदा तुझं खरं मानून बसले होते ना मी."

तिचं चुकलं नव्हतं आणि माझंही. आम्ही दोघींनी त्या दिवशी खूप वेळ भांडून तोडगा काढला. कॅमेरा निघणार. रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर व्हिडिओवर गोळी घेणार, आणि ती "कशी आहेस" म्हणाली की "बरी आहे" हे उत्तर चालणार नाही. काहीतरी खरं सांगायचं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "आज दात घासायचाही कंटाळा आला होता." ती म्हणाली, "आज मी मुलांवर इतकी ओरडले की धाकटा घाबरला." इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना असं काही सांगितलं नव्हतं.

*

डॉक्टरांचं दुसरं म्हणणं होतं की घराबाहेर पडायचं. छातीच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या. ठरलं ते असं: फोनवर हवेचा आकडा बघायचा, बरा असेल तेव्हा उतरायचं, आणि हिवाळ्यात सकाळऐवजी दुपार, कारण तोवर खालचा धुरकटपणा जरा वर गेलेला असतो. फार वाईट दिवस असेल तर इमारतीच्या आतच, मजल्यामजल्यांच्या व्हरांड्यातून फिरायचं. बसून राहायचं नाही.

दुपारी बागेत कोणी नसतं. एक वॉचमन आणि मी. फेरी मारताना इतकं एकटं वाटायचं की घरी बसणं बरं. तरी जात राहिले.

आणि वाईट हवेच्या दिवशी व्हरांड्यातून फिरताना हिराबाई भेटल्या.

चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं दार नेहमी सताड उघडं असायचं आणि दारात खुर्ची टाकून, लिफ्टकडे तोंड करून एक बाई बसलेल्या असायच्या. माझ्याच वयाच्या. हातात जाड सोन्याच्या बांगड्या, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी. तीनचारदा मी नुसती हसून पुढे गेले. एकदा त्यांनीच विचारलं, "तुमी कोनाला शोधता का?"

"नाही. चालते आहे. बाहेर धूळ आहे ना."

"मंग बसा की. चालून कुटं जानार हाय?"

मी बसले. त्या गव्हाणच्या. घरची भातशेती होती, मिठागर होतं. ती जमीन विकासात गेली. मुलगा दिनेश मातीकामाचे ठेके घेतो, त्याचं घर उलव्याला. तिथल्या साइटच्या धुळीनं त्यांचा खोकला थांबेना, म्हणून त्यानं त्यांना इथे ठेवलं.

"हवा साफ करायची मशीन हाय आतमधी," त्या म्हणाल्या. "पन खिडकी लावली का मना कोंडल्यावानी होतं. म्हनून दार उघडं ठेवते. लिफ्ट येते जाते. तेवडंच मानूस दिसतं."

खालून डंपर गेल्याचा आवाज आला. त्यांनी मान तिकडे केली. "आमच्या दिनेशचेच डंपर हाईत ते. सांगा आता, कोनाला बोलू मी?"

मी रोज थांबायला लागले. हळूहळू मला दिसायला लागलं. करंज्याहून त्यांच्यासाठी खास मासळी यायची आणि कामवाली ती आपल्या घरी घेऊन जायची. "खाऊन काय करू?" बोलता बोलता त्या मध्येच विझायच्या. एकच गोष्ट दोनदा नव्हे, अर्धीच सांगायच्या. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. मी हे सगळं ओळखत होते. आतून ओळखत होते.

एक दिवस मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "हिराबाई, सकाळी जाग येऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

त्या लिफ्टकडे बघत राहिल्या. लिफ्ट आली, कोणी उतरलं नाही, ती वर गेली.

"कोनाला बोलू नका," त्या म्हणाल्या.

*

मी त्यांना स्पष्टच सांगितलं की एवढं वचन मला देता येणार नाही. रविवारी दिनेश आला तेव्हा मी चौथ्या मजल्यावर गेले. हिराबाई आत पडून होत्या. दिनेश पन्नाशीचा, भारदस्त, माझ्यासाठी उठून उभा राहिला. मी जे पाहिलं ते सांगितलं.

"काकी, आईला कशाची कमी हाय ते सांगा ना. एसी हाय, बाई हाय, जे मागेल ते आनून देतो."

"त्या काही मागतात का?"

"वय झालं आता."

"दिनेश, माझंही झालंय. गेल्या वर्षी मला हाच आजार होता. नैराश्य. डॉक्टरांकडे गेले, अजून गोळ्या घेते."

इमारतीत कोणाला तरी मी हे पहिल्यांदाच सांगत होते. दिनेशनं उघड्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हलू बोला काकी. माझी आय येडी नाय."

"मीही नाही," मी म्हटलं. आवाज खाली न आणता.

तो सोफ्यावर बसला. "आमची जमीन गेली ना, तवा आमी भाऊ पैशावरनं किती भांडलो. आय एक शब्द नाय बोलली. आमाला वाटलं, तिला चाललं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुमी जाल तिच्याबरोबर? मी आलो तर ती काय बोलनार नाय."

गुरुवारी आम्ही दोघी रिक्षानं माझ्याच डॉक्टरांकडे गेलो. मी बाहेर बाकावर थांबले, हिराबाई आत. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चालणं जरा मोकळं वाटलं. परतताना वाटेत म्हणाल्या, "डाक्टरीनबाईनं विचारलं, घरात कोन असतं तुमच्याबरोबर? मी बोलली, घरात कोन नाय. पन सहाव्या माळ्यावर मंदाताई हाय."

मी रस्त्याकडे बघत राहिले. पुढे डंपर होता, ताडपत्री न लावलेला. आम्ही दोघींनी मास्क वर ओढले.

त्याला आता काही महिने झाले. हवा सुधारलेली नाही. हिराबाईंना औषध जरा उशिरा लागू पडतंय, एकदा बदलावंही लागलं. माझी गोळी कमी केली आहे, बंद नाही. अजूनही काही सकाळी छातीवर दगड असतो, आणि त्या दिवशी मी मुग्धाला तसं सांगते. ज्यांच्या मनात तो सकाळचा विचार येतो त्यांनी तो कोणाला तरी सांगावा, आणि ज्यांना शंका येते त्यांनी सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार वाढत नाही. मला तर विचारल्यावरच श्वास घेता आला.

त्या गुरुवारी इमारतीत आल्यावर हिराबाई चौथ्याला उतरल्या, मी सहाव्याला. मी कुलूप काढलं, चपला काढल्या. घरात नेहमीसारखं कोणी नव्हतं. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"पोचलीस का गो?" हिराबाई.

"अहो, दोन मजले तर होते."

"तरी पन. विचारावं."

शरद गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी भिंतीला टेकून, रिसीव्हर कानाला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. त्यांनीही ठेवला नाही.

"पोचले," मी म्हटलं.